कच्च्या वाटेसाठी घरची जुनी एसयूव्ही

गाडी रॅम्पवर चढवलेली आहे. तिच्या मागच्या डिफरन्शियलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांना ओढ वाटून देणाऱ्या गिअरांच्या डब्यावर, दोन प्लग आहेत आणि मेकॅनिक त्यांपैकी वरचा प्लग आधी सोडवतो आहे. ऑइल खालच्या प्लगमधून काढायचे असले, तरी सुरुवात नेहमी वरून करावी लागते. खालून सगळे ऑइल काढून टाकल्यावर वरचा प्लग गंजून अडकल्याचे लक्षात आले, तर नवे ऑइल भरण्याचा मार्गच बंद होतो आणि गाडी जागची हलवता येत नाही. वरचा प्लग निघाला, खालचाही निघाला आणि भांड्यात उतरणारे ऑइल दुधाळ, साय विरघळल्यासारखे दिसले. याचा अर्थ डिफरन्शियलमध्ये कधीतरी पाणी शिरले आहे. प्लगच्या चुंबकाला मात्र बारीक राखाडी लेपच चिकटला आहे, धातूचे तुकडे नाहीत. तेव्हा आतल्या गिअरच्या दातऱ्यांना मोठी इजा झालेली नसावी, असे तूर्त धरून चालता येते.

बारा वर्षे वापरलेल्या एका कौटुंबिक एसयूव्हीची ही पहिली तपासणी आहे. या गाडीने रोज शाळा, कार्यालय आणि बाजार गाठायचा आहे आणि सुटीच्या दिवशी खडीचा रस्ता, चाकोऱ्या पडलेली जंगलवाट, उथळ ओढा किंवा थोडीशी भुसभुशीत वाळू पार करायची आहे. उभे कातळ चढून जाण्याची तिच्याकडून कोणाचीही अपेक्षा नाही. ही मर्यादा सुरुवातीलाच मान्य केली, तर अर्धा खर्च आपोआप टळतो.

गाडी निवडताना पहिला प्रश्न बांधणीचा येतो. पूर्वीच्या बहुतेक एसयूव्ही शिडीसारख्या वेगळ्या चॅसीवर, म्हणजे खालच्या पोलादी चौकटीवर, उभ्या असत. १९८२ मध्ये आलेली मित्सुबिशी पजेरो त्याच परंपरेतली होती. १९९४ च्या टोयोटा आरएव्ही-४ ने मोटारीसारख्या एकसंध सांगाड्याची छोटी एसयूव्ही लोकप्रिय केली आणि पुढे कौटुंबिक गाड्यांनी बहुतांशी हीच वाट धरली. २००५ च्या सुझुकी ग्रँड व्हिटाराने एकसंध सांगाड्यातच शिडीची चौकट बसवून दोन्हींचा मेळ घातला आणि तिच्या काही प्रकारांत लो रेंजचे, म्हणजे वेग कमी करून ओढ वाढवणारे, जादा गिअरही दिले. हलक्या वाटांसाठी एकसंध सांगाडा पुरेसा असतो, असे आमचे मत आहे. लो रेंज मिळाली तर ती जरूर घ्यावी, कारण तीव्र उतारावर ब्रेक न तापवता इंजिनच्या ओढीवर सावकाश उतरण्याचे समाधान दुसऱ्या कशात नाही. पण केवळ तिच्यासाठी थकलेली गाडी विकत घेऊ नये. आणखी एक साधी गोष्ट म्हणजे एकच मॉडेल अनेकदा दोन चाकांच्या आणि चार चाकांच्या, अशा दोन्ही ओढींत विकले जाते. मागच्या दारावरच्या अक्षरांवर विश्वास न ठेवता खाली वाकून मागच्या चाकांकडे ओढ नेणारा दांडा (प्रॉपेलर शाफ्ट) आणि डिफरन्शियल स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत.

वाकलोच आहोत, तर गंजही पाहून घ्यावा. वरचा तांबूस थर घासला की जातो, परंतु सस्पेन्शन जिथे सांगाड्याला जोडलेले असते तिथे पत्रा पापुद्र्यासारखा सुटत असेल, तर तो व्यवहार सोडून द्यावा. पुढच्या अॅक्सलच्या सांध्यांवरची रबरी आवरणे (बूट) फाटलेली असतील, तर आतल्या ग्रीसमध्ये माती जाऊन सांधे झिजतात. चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाडीला चार वेगवेगळ्या झिजेचे टायर बसवलेले असतील, तर चाकांचे फेरे कमीजास्त होतात आणि त्यांतला फरक सतत भागवावा लागल्याने पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारी मधली कपलिंग तापते. मोकळ्या, कोरड्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवताना गाडी अडखळत हिसके देऊ लागली, तर दोष बहुधा याच भागात असतो. टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद मिळत नसेल, तर तो बदललेला नाही असेच समजावे.

म्हणूनच या गाडीवरचा पहिला खर्च कोणाच्या नजरेत भरणारा नव्हता. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ओढ वाटणारा डबा) आणि दोन्ही डिफरन्शियल यांचे ऑइल, ब्रेकचे ऑइल, कूलंट, थर्मोस्टॅट, रेडिएटरचे कडक झालेले पाइप आणि बेल्ट एवढेच त्यात आले. चढणीवर गाडी हळू चालते, समोरून वारा येत नाही आणि इंजिन मात्र जोर लावत असते. अशा वेळी रेडिएटरचा पंखा चालू होत नसेल, तर महामार्गावर कधीही न तापलेली गाडी दहा मिनिटांत तापते.

त्यानंतर येतात टायर. एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील, तर ते इथे करावेत. टायरच्या बाजूला लिहिलेले आकडे पाहा: २२५/६५ आर १७. टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १४६ मिलिमीटर, आणि रिम १७ इंचांची. पूर्ण व्यास होतो ७२४ मिलिमीटर. आता याच गाडीला १६ इंचांची रिम आणि २२५/७० चे टायर बसवले, तर व्यास ७२१ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तेवढाच राहतो, पण भिंतीची उंची १५७ मिलिमीटरच्या पुढे जाते. टोकदार दगड आणि रिम यांच्यामध्ये अकरा मिलिमीटर जास्त रबर मिळते, स्पीडोमीटरही बिघडत नाही. मात्र छोटी रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे आधी बसवून पाहावे लागते. याउलट रिम तीच ठेवून २३५/६५ चे टायर घेतले, तर व्यास १३ मिलिमीटर वाढतो. पण गाडीची उंची त्याच्या निम्म्यानेच, म्हणजे साडेसहा मिलिमीटर वाढते. मोठ्या टायरच्या हौसेपोटी किती खर्च होतो आणि पदरात काय पडते, याचा हिशेब एकदा असा कागदावर करून पाहावा.

भिंतीवरचे शेवटचे चार आकडेही वाचता यायला हवेत. २३१९ असे लिहिले असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी खोल दिसते म्हणून जुन्या गाडीबरोबर आलेली आणि कधीच न वापरलेली स्टेपनी नवी ठरत नाही.

या टायरांचा खरा उपयोग हवा कमी केल्यावर कळतो. रस्त्यावर ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) असलेली हवा खडीच्या रस्त्यावर २६ ते २८ पर्यंत उतरवली, की टायर दगडावर उसळण्याऐवजी त्याला सामावून घेतो. वाळूत ती १६ ते १८ पर्यंत खाली आणली, की टायरचा जमिनीवर टेकलेला भाग लांब होतो आणि रुतणारे चाक वर तरंगू लागते. त्या हवेवर वेग कमी ठेवावा लागतो, झटक्याने वळता येत नाही आणि डांबरी रस्ता लागताच पुन्हा हवा भरावी लागते. मोठ्या पंपाची तार थेट बॅटरीला जोडावी, कारण डॅशबोर्डवरच्या सॉकेटचा फ्यूज तेवढा भार सोसत नाही. हवेचा मापक आणि पंप यांच्याइतका थोड्या पैशांत गाडीत फरक पाडणारा दुसरा बदल आम्हाला माहीत नाही.

सस्पेन्शनच्या बाबतीत संयम लागतो. थकलेल्या स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर बदलताना ३० ते ४० मिलिमीटर उंची वाढवणे रास्त असते. त्यापुढे गेल्यास अॅक्सलचे सांधे तिरक्या कोनात फिरून लवकर झिजतात. उंची वाढवल्यावर चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी आणि हेडलाइटचा झोतही खाली आणावा. तो आणायला बहुतेक जण विसरतात.

गाडी खरोखर बिघडवते ते वजन. समजा, गाडीची भारक्षमता ४५० किलो आहे. दोन मोठी माणसे आणि दोन मुले मिळून २२० किलो झाले. पाण्याचे ४०, खाण्याचे सामान आणि फ्रिज ३०, कपडे व अंथरूण-पांघरूण ६०, हत्यारे २५, इंजिनखालची पोलादी संरक्षक प्लेट आणि मागचा टो-बार ४५. इथवर ४२० किलो झाले. आता टपावर कॅरिअर आणि तंबू मिळून ८५ किलो चढवले, की बेरीज ५०५ वर जाते आणि गाडी घराच्या दारातच मर्यादा ओलांडते. शिवाय हे वजन सर्वांत उंच जागी असते, त्यामुळे आडव्या उतारावर गाडी आधी कलते ती त्याच्यामुळेच. आम्ही टपावरचा तंबू रद्द केला आणि साधा, जमिनीवरचा तंबू डिकीत ठेवला. मुलांनी काही दिवस नाराजी दाखवली.

गाडी रुतली तर दोन ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली सरकवायच्या खाचांच्या फळ्या) आणि एक फावडे यांनी बहुतेक प्रसंग निभावतात. दोर लावून ओढायचे असेल, तर तो त्यासाठीच बनवलेल्या आणि सांगाड्याला पक्क्या जोडलेल्या हुकालाच लावावा. ट्रेलर जोडण्यासाठी टो-बारवर असलेल्या गोळ्याला दोर अडकवून झटका देणे जीवघेणे ठरू शकते, कारण गोळा तुटला तर तो तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो.

आता त्या दुधाळ ऑइलकडे परत येऊ. लांबून चालत आलेल्या गाडीचे डिफरन्शियल गरम असते. ते अचानक थंड पाण्यात बुडले की आतली हवा आकसते आणि बाहेरून हवा ओढू लागते. त्यासाठी असलेली श्वासनळी पाण्याखाली असेल, तर तिच्यातून हवेऐवजी पाणी आत जाते. ती चिखलाने बुजलेली असेल, तर पाणी सीलच्या कडेने वाट काढते. यावरचा उपाय म्हणजे त्या जागी एक लांब रबरी नळी बसवून तिचे तोंड वर, मागच्या दिव्याच्या आतल्या पोकळीत नेणे. हे काम तासाभरात झाले आणि खर्चही एका नळीचा व दोन क्लिपांचा आला.

पहिल्या फेरीत गाडी दोनदा ओढ्यातून गेली. परतल्यावर तिला पुन्हा रॅम्पवर घेतले, चाकांचे नट एकदा आवळून पाहिले, संरक्षक प्लेटवर साचलेला चिखल काढला आणि मेकॅनिकने नेहमीप्रमाणे आधी वरचा प्लग सोडवला. बोटाला लागलेले ऑइल स्वच्छ, मधाच्या रंगाचे होते.