शेवटचं पाणी
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: पहाट. इंदूरची चोइथराम मंडी. बटाट्याची पोती, कडेला टाकलेला माल.]

माळव्याचा बटाटा चिप्सच्या कारखान्यात जातो तो निवडून. कापलेला, हिरवट पडलेला, कोंब फुटलेला माल मागे राहतो. अशा एक टन बटाट्यातून साधारण १०० लिटर अल्कोहोल निघतं. ते इंधन म्हणून वापरायचं तर त्यातलं पाणी कसं काढायचं, एवढंच आज पाहू; शिजवणं, आंबवणं सोडून देऊ. हातात आहे तो तयार वॉश, म्हणजे आंबवून झालेला बटाट्याचा पातळ लगदा. त्यात अल्कोहोल जेमतेम ८ टक्के, बाकी पाणी आणि चोथा.

[दृश्य: सांवेर रोडवरची शेड. कॅमेरा कॉलमच्या बुंध्यापासून वर सरकतो.]

हा कॉलम: तीन इंची स्टीलचा पाइप, आत दोन मीटर भरण. हे भरण म्हणजे भांड्याच्या दुकानात मिळणारी स्टीलची घासणी, उकलून सारखी पसरलेली. वाफ वर चढते, थंड झालेला द्रव खाली उतरतो, आणि या तारांवर दोघांची देवघेव होते. पाणी खाली राहतं, अल्कोहोल वर जातं. कॉलम ओळंब्यात नसेल तर द्रव एकाच भिंतीने घसरतो आणि अर्धं भरण कोरडं राहतं. म्हणून ओळंबा आधी, वेल्डिंग नंतर. सरळ कॉलममध्येसुद्धा द्रव हळूहळू भिंतीकडे पळतो. त्याला पुन्हा मध्यावर आणायला ठरावीक अंतरावर भोकांची चकती हवी.

[दृश्य: जवळून. कॉलमच्या माथ्यावरचा तापमापक. आकडा ७६.५ वर स्थिर.]

हा आकडा नीट पाहा. पुस्तकात लिहिलेलं असतं की अल्कोहोल आणि पाण्याचं मिश्रण ७८.२ अंशांना एकत्रच उकळतं. ते समुद्रसपाटीचं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथे पाणी ९८ अंशांना उकळतं आणि माथ्यावरचा आकडा साडेशहात्तरच्या आसपास येतो. ७८.२ची वाट पाहत बसलं, तर तो दिसेपर्यंत नळीतून ८८ टक्क्यांचा माल वाहत असतो. पुस्तक बरोबर असतं, फक्त ते इंदूरसाठी लिहिलेलं नसतं.

[दृश्य: एकात एक बसवलेल्या दोन नळ्या. एका टोकाला अल्कोहोल काढून झालेला वाफाळता वॉश, दुसऱ्या टोकाला गार वॉश.]

आता या शेडमधला सगळ्यात साधा आणि सगळ्यात किमती भाग. १०० लिटर वॉशमध्ये अल्कोहोल ८ लिटर. ते जाळलं तर मिळणारी उष्णता सुमारे १७० मेगाज्यूल. हा वॉश ३० अंशांवरून उकळीला आणायला लागतात २८. माथ्यावर थंड झालेल्या द्रवाचे चार भाग परत कॉलममध्ये आणि एक भाग बाहेर, अशा बेताने वाफ काढायला आणखी ३४. म्हणजे मिळकतीतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग चुलीतच जातो. बॉयलरची गळती वेगळी.

तळातून निघणारा स्पेंट वॉश, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेला द्रव, ९८ अंशांवर असतो. तो गटारात सोडला की २८ मेगाज्यूलमधले बहुतेक त्याच्याबरोबर वाहून जातात. या नळ्यांत तो बाहेरच्या पाइपातून जातो आणि आत येणारा गार वॉश आतल्या पाइपातून उलट दिशेने. वॉश कॉलमपाशी पोचतो तो ८५ अंशांवर, आणि २३ मेगाज्यूल परत मिळतात. ६२चा खर्च ३९ वर येतो.

अट एवढीच की काम अखंड चाललं पाहिजे. एका भांड्यात भरा, उकळा, रिकामं करा, अशा पद्धतीत गरम आणि गार वॉश एका वेळी समोरासमोर येतच नाहीत. आणि बटाट्याचा वॉश आधी गाळून घ्यावा, आतला पाइप सरळ ठेवावा. वेटोळं केलं की चोथा वळणावर बसतो आणि साफ करायला काठी जात नाही.

[दृश्य: काचेचा डोळा. आत थेंब. हायड्रोमीटर (अल्कोहोलचं प्रमाण दाखवणारी काचनळी) तरंगतोय.]

कॉलम कितीही उंच केला तरी आकारमानाने ९७.२ टक्क्यांच्या पुढे अल्कोहोल जात नाही. तिथे वाफेचं आणि द्रवाचं प्रमाण एकच होतं, उकळून वेगळं करायला काही उरत नाही. पण तिथवर तरी का जायचं? शेवटच्या चार-पाच टक्क्यांसाठी परतीचा भाग वाढवत न्यावा लागतो आणि जळण त्याच हिशेबाने वाढतं. हा संच ९२-९३ टक्क्यांवर थांबतो. उरलेलं पाणी दुसऱ्या कुणीतरी प्यायचं.

[दृश्य: हातात मक्याचा भरडा. चाळणी. पीठ खाली पडतं.]

तो दुसरा कुणीतरी म्हणजे मका. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री खायला ज्याचा किस होतो तोच, फक्त वाळलेला आणि भरडलेला. १९७९ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या मायकेल लॅडिश आणि कॅरन डाइक यांनी ‘सायन्स’मध्ये हे मांडलं: अल्कोहोलची वाफ मक्याच्या स्टार्चवरून नेली की स्टार्च पाणी धरून ठेवतं आणि अल्कोहोल पुढे जातं.

कारखान्यांत याच कामाला ३ए जिओलाइट हा अतिसूक्ष्म छिद्रांचा खनिज पदार्थ वापरतात. त्याची छिद्रं तीन अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), पाण्याचा रेणू आत शिरतो, अल्कोहोलचा शिरत नाही. एक किलो जिओलाइट १०० ग्रॅम पाणी आरामात पितं. मक्याच्या भरड्याचं मात्र किलोमागे २० ग्रॅमच धरून चालावं. ९२ टक्क्यांच्या १० लिटर मालात पाणी सुमारे ९६० ग्रॅम, म्हणजे जिओलाइट १० किलो लागेल, भरडा ४८. मग मका कशाला? जिओलाइट पुन्हा वाळवायला २०० अंशांच्या वर तापवावं लागतं. मक्याला ९०-१०० अंशांची कोरडी हवा पुरते, आणि ती बॉयलरच्या धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर मिळते. थकलेला भरडा फेकायचाही नाही, तो पुढच्या वॉशमध्ये शिजतो.

[दृश्य: दोन उभ्या टाक्या, प्रत्येकीवर तीन तापमापक.]

भरडा चाळून पीठ काढलेलं असावं, नाहीतर वाफेची वाट तुंबते. टाकी आधी ८५-९० अंशांवर आणलेली असावी. गार टाकीत वाफ सोडली की ती आतच द्रव होते आणि भरड्याचा कणकेसारखा गोळा बसतो. सुरुवातीची पाणचट वाफ याच कारणाने बाजूला वळवतात, पहिली वीस मिनिटं टाकीकडे काही जातच नाही.

भरडा पाणी धरतो तेव्हा तापतो. तापाचा पट्टा खालून वर सरकतो: आधी खालचा तापमापक चढतो, मग मधला.

[मूळ आवाज: “काका, वरचा चढायला लागला.” – “मग फिरव झडप. हळू, एकदम नको.”]

वरचा हलला की टाकी भरली. वाफ दुसऱ्या टाकीकडे जाते, पहिली वाळायला मोकळी. पण अल्कोहोलने ओल्या भरड्यात थेट गरम हवा सोडायची नाही. हवेत ३.३ टक्के अल्कोहोल वाफ झाली की ठिणगी पुरते. आधी पंपाने निर्वात करून अल्कोहोल ओढून घ्यायचं, हवा त्यानंतर. शेडमध्ये स्विचबोर्ड बाहेर असतो तोही याचसाठी. दिवसाउजेडी अल्कोहोलच्या ज्वाळा धड दिसतही नाहीत.

परवान्याशिवाय यातलं काहीही करणं मध्य प्रदेशच्या १९१५च्या आबकारी कायद्याने गुन्हा आहे. आणि दर १०० लिटर वॉशमागे ९० लिटर स्पेंट वॉश उरतो, त्याची सोय लागते.

[दृश्य: टेबलावर दोन काचनळ्या. नऊ भाग पेट्रोल, एक भाग अल्कोहोल. दोन्ही हलवल्या जातात.]

चुलीत जाळायचं असेल तर मक्याचा सगळा उपद्व्याप वगळा, ९२ टक्के पुरेसं आहे. पेट्रोलमध्ये मिसळायचं असेल तर मानक ९९.५ टक्के मागतं. कारण डावीकडे दिसतंय: कॉलममधून थेट आलेला माल. पेट्रोल गढूळलं आणि तळाशी वेगळा थर बसला. गाडीच्या टाकीत हाच थर आधी इंजिनात जातो.

उजवीकडे मक्यातून आलेला.

[दृश्य: उजवी नळी, उजेडासमोर. आरपार स्वच्छ. शॉट लांबवावा, निवेदन नाही.]