नंबर लागण्याआधी

[दृश्य : प्राथमिक शाळेचा वर्ग. मागच्या बाकावरची मुलगी. कॅमेरा तिच्या वहीवर येतो.]

फळ्यावर ९ आहे, वहीत १ उतरलाय. खालच्या ओळीत ‘घ’चा ‘ध’ झालाय. अक्षर सुरेख आहे, समासही नीट सोडलाय. पण दर ओळीला ही मुलगी डोळे बारीक करते, मान थोडी तिरकी करते आणि शेवटी शेजारणीच्या वहीत डोकावते. ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ असं तिने आजवर अनेकदा ऐकलं असेल. तिचं लक्ष फळ्याकडेच आहे. फळाच तिला धूसर दिसतोय.

आणि हे ती कुणाला सांगणार नाही, कारण तिला ते माहीतच नाही. नजर एका दिवसात अधू होत नाही. हळूहळू लांबच्या वस्तूंच्या कडा पुसट होत जातात, आणि सगळ्यांना असंच दिसत असणार असं मूल धरून चालतं. म्हणून मूल तक्रार करेल याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. टीव्हीच्या जवळ सरकणं, पुस्तक नाकाशी धरणं, सारखे डोळे चोळणं, फळ्यावरचं उतरवताना चुकणं, हीच त्याची तक्रार.

[दृश्य : डोळ्याचा आडवा छेद. जन्मापासून तरुणपणापर्यंत वाढत जाणारा.]

मायोपिया, म्हणजे निकटदृष्टिता, समजून घ्यायची तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मुलाची उंची वाढते तसा त्याचा डोळाही वाढतो. जन्मतः बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १६ ते १७ मिलीमीटर लांब असतो, मोठ्या माणसाचा २३ ते २४. ही वाढ अतिशय मोजूनमापून होते. समोरचा पारदर्शक कॉर्निया, आतलं भिंग आणि प्रतिमा झेलणारा मागचा पडदा यांचा मेळ असा बसतो, की लांबच्या वस्तूची प्रतिमा नेमकी पडद्यावर पडावी. बहुतेक बाळांना सुरुवातीला थोडा प्लसचा नंबर असतो आणि डोळा वाढेल तसा तो कमी होत जातो. हा प्लस म्हणजे डोळ्याची शिल्लक. सहाव्या-सातव्या वर्षीच ती पाऊण नंबरापेक्षा खाली आली असेल, तर मुलाला आज सगळं स्वच्छ दिसत असलं तरी पुढे मायनसचा चष्मा लागण्याची शक्यता बरीच जास्त असते.

शिल्लक संपली आणि डोळा वाढतच राहिला, की प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडू लागते. जवळचं स्पष्ट दिसतं, लांबचं धूसर. लांबी फक्त एक मिलीमीटरने जास्त झाली तरी अडीच ते तीन नंबर लागतो. आणि लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही.

चष्मा प्रतिमा पुन्हा पडद्यावर आणतो, आणि तो लावायलाच हवा. पण डोळ्याची लांबी त्याने कमी होत नाही. मोठेपणी लेझर करून घेऊ असं अनेक पालक म्हणतात. लेझरने कॉर्नियाचा आकार बदलतो, चष्मा जातो. मागचा ताणलेला पडदा मात्र ताणलेलाच राहतो. नंबर मायनस सहा किंवा त्याहून वर गेला, की पडदा सुटणं, काचबिंदू, लवकर येणारा मोतीबिंदू आणि पडद्याच्या मध्यभागाची झीज, या सगळ्यांचा धोका वाढलेला असतो. ही झीज झाली तर समोरच्या माणसाचा चेहरा चष्मा लावूनही नीट दिसत नाही. ‘चष्मा लागला तर लागला, त्यात काय’ हे वाक्य इतक्या सहज म्हणण्यासारखं नाही, ते यामुळे. त्यातही, सातव्या वर्षी नंबर लागलेल्या मुलापुढे डोळा वाढण्याची बरीच वर्षं उरलेली असतात. चौदाव्या वर्षी लागला तर तेवढी उरत नाहीत. म्हणून सुरुवात जितकी लांबवता येईल तितकं चांगलं.

[दृश्य : जगाचा नकाशा.]

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, २००० साली जगात सुमारे १४० कोटी लोकांना मायोपिया होता. २०५० पर्यंत जगाच्या निम्म्या लोकसंख्येला तो असेल असा त्याचा अंदाज आहे. दक्षिण कोरियाच्या सोल शहरात १९ वर्षांच्या तरुणांची तपासणी झाली, तेव्हा दर शंभरात ९६ जणांना मायोपिया निघाला.

मग हे रक्तातून येतं का? काही अंशी येतं. आई-वडील दोघांनाही मायनसचा चष्मा असेल तर मुलाचा धोका निश्चित वाढतो. पण एका-दोन पिढ्यांत माणसाची जनुकं एवढी बदलत नाहीत. अलास्कातल्या बॅरो या गावी १९६०च्या दशकात इनुइट कुटुंबांची तपासणी झाली होती. शाळेत फारसं न गेलेल्या आजी-आजोबांच्या पिढीत मायोपिया जवळजवळ नव्हता. शाळेत जाणाऱ्या तरुण पिढीत निम्म्याहून अधिक जणांना तो होता. रक्त तेच, पण दिवस घालवण्याची पद्धत बदलली होती.

बराच काळ सगळा दोष वाचनाच्या माथी मारला गेला. फार वाचतो, म्हणून चष्मा लागला. या समजुतीला मोठा धक्का दिला तो २००८ सालच्या एका अभ्यासाने. सिंगापूर आणि सिडनी, दोन्हीकडची सहा-सात वर्षांची मुलं. सगळी चिनी वंशाची. दोन्ही गटांतल्या पालकांमध्ये चष्म्याचं प्रमाणही जवळपास सारखं. सिंगापुरात दर शंभरात २९ मुलांना मायोपिया होता. सिडनीत फक्त ३.

आणि सिडनीतली मुलं वाचत कमी होती असंही नाही. उलट आठवड्याला थोडी जास्तच पुस्तकं वाचत होती. फरक होता तो घराबाहेरच्या वेळेत. सिडनीतली मुलं आठवड्यात सुमारे १४ तास उघड्यावर असायची, सिंगापुरातली जेमतेम ३ तास.

हा आकडा प्रत्येक पालकाने आणि प्रत्येक मुख्याध्यापकाने दोनदा वाचावा असा आहे.

[दृश्य : प्रकाश मोजणारं यंत्र हातात. अभ्यासाच्या टेबलापासून खिडकी, तिथून झाडाखाली, तिथून मोकळं मैदान.]

उजेडात नेमकं काय आहे, हे या छोट्या यंत्रावर पाहू. प्रकाश लक्समध्ये मोजतात. अभ्यासाच्या टेबलावर दिवा लावलाय, वाचायला पुरेसा उजेड आहे. यंत्र दाखवतं तीनशे ते पाचशे लक्स. खिडकीशी गेलो की आकडा हजाराकडे सरकतो. दाराबाहेर, झाडाच्या सावलीत, काही हजार. आणि दुपारच्या मोकळ्या उन्हात एक लाखाच्या आसपास. आपल्या नजरेला हा फरक एवढा मोठा वाटत नाही, कारण बाहुली लहान होते, पडदा जुळवून घेतो. खोलीही आपल्याला ‘चांगली उजेडाची’ वाटते. डोळ्याच्या वाढीला मात्र हा फरक कळतो.

भरपूर उजेड पडला की पडद्यातून डोपामिन नावाचं द्रव्य स्रवतं आणि डोळ्याच्या लांबण्याला ते आवर घालतं. हे आज सर्वांत जास्त मान्य असलेलं स्पष्टीकरण आहे. कोंबडीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत प्रखर उजेडाने डोळ्याचं लांबणं मंदावलं, आणि डोपामिनचा परिणाम रोखणारं औषध दिल्यावर उजेडाचा तो फायदा गेला. व्यायामाचा इथे फारसा संबंध नाही. बंद हॉलमध्ये कितीही घाम गाळला तरी हा लाभ मिळत नाही, आणि झाडाखाली नुसतं बसून गप्पा मारल्या तरी मिळतो.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळा घेऊन याची परीक्षा झाली. सहा शाळांनी रोजच्या वेळापत्रकात उघड्यावरच्या खेळांचा चाळीस मिनिटांचा एक जादा तास घातला. बाकी सहा शाळांत काहीच बदललं नाही. तीन वर्षांनी, वेळापत्रक न बदललेल्या शाळांत दर शंभरात सुमारे ४० मुलांना नव्याने मायोपिया झाला होता, बदललेल्या शाळांत ३० मुलांना. कुणी म्हणेल, एवढाच फरक? पण हा फरक ना औषधाने आला, ना यंत्राने. तो फक्त चाळीस मिनिटांचा आहे. रोज दोन तास, आठवड्याला चौदा तास मिळाले तर परिणाम अधिक दिसतो, असं इतर अभ्यास सांगतात.

तैवानने २०१० पासून शाळांमध्ये रोज १२० मिनिटं बाहेर राहण्याचा आग्रह धरला. मधल्या सुट्टीत मुलांना वर्गाबाहेर काढायला सुरुवात झाली. अनेक वर्षं वर चढत गेलेला अधू नजरेचा आलेख त्यानंतर खाली वळला. तिथल्याच एका शालेय अभ्यासात दिसलं, की यासाठी रणरणतं ऊन लागत नाही. हजार लक्सपेक्षा थोडा जास्त उजेड बराच वेळ मिळाला तरी फायदा होतो, म्हणजे इमारतीची सावली, झाडाखालचा पार, उघडा व्हरांडा हे सगळं चालतं. टोपी घाला, कोवळ्या उन्हात जा. सूर्याकडे थेट मात्र कधीही बघायचं नाही.

याची उलटी बाजूही जगाने पाहिली. २०२० मध्ये महासाथीत मुलं घरात कोंडली गेली. चीनमधल्या फेइचंग इथे सहा वर्षांच्या मुलांची दरवर्षी तपासणी होत असे. आधीच्या पाच वर्षांत मायोपियाचं प्रमाण कधी ५.७ टक्क्यांच्या वर गेलं नव्हतं. त्या वर्षी ते २१.५ टक्के झालं. नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलांत एवढी उडी दिसली नाही, आणि ऑनलाइन तास तर त्यांनाच जास्त होते. म्हणजे सहा ते आठ या वयातला डोळा सर्वांत हळवा असतो. मोठ्यांच्या परीक्षांची आपण काळजी करतो, पण सगळ्यात जास्त जपायला हवं ते पहिली-दुसरीतल्या मुलांना.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बाहेरच्या उजेडाचा फायदा सर्वांत ठळक दिसतो तो नंबर लागण्याआधी. एकदा मायोपिया सुरू झाला, की नुसत्या उजेडाने नंबर वाढायचा थांबेल अशी खात्री देता येत नाही.

[दृश्य : अंथरुणावर पालथी पडून मोबाइल पाहणारी मुलं.]

मोबाइलबद्दल थोडं. त्याच्या ‘किरणां’नी नंबर लागतो असं नाही, आणि निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याने मायोपिया टळत नाही. मोबाइलचं नुकसान दोन बाजूंनी होतं. एक म्हणजे तो पुस्तकापेक्षाही जवळ धरला जातो. दुसरं म्हणजे, मैदानावर जाण्याची वेळ तो गिळतो. तीस सेंटिमीटरपेक्षा जवळून पाहणं आणि अर्ध्या तासाहून अधिक वेळ नजर न उचलता पाहणं, या दोन सवयी मायोपियाशी जोडलेल्या आढळल्या आहेत. पुस्तक असो की मोबाइल, कोपरापासून मुठीपर्यंत अंतर ठेवायचं आणि मध्ये मध्ये उठून खिडकीबाहेर लांब बघायचं. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघण्याचा नियम डोळ्यांचा शीण घालवायला चांगला आहे. पण तेवढ्याने भागलं असं समजून मुलाला दिवसभर घरात ठेवू नका. डोळे फिरवण्याचे व्यायाम, तळवे डोळ्यांवर ठेवणं, विशिष्ट भाज्या खाणं, यांनी नंबर टळतो याला पुरावा नाही.

[दृश्य : नेत्रतपासणी. डॉक्टर मुलाच्या डोळ्यांत थेंब टाकतात.]

शाळेत घालण्याच्या वयात एकदा आणि पुढे दरवर्षी तपासणी करावी. ती डोळ्यांत थेंब टाकून व्हायला हवी. लहान मुलांच्या डोळ्यातला स्नायू इतका जोरकस असतो, की यंत्रात पाहतानाही मूल नकळत जोर लावतं आणि नसलेला मायनस दिसतो. थेंब टाकले की तो स्नायू सैलावतो. अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं, बाहुल्या मोठ्या होतात, उजेड बोचतो, दिवसभर जवळचं नीट दिसत नाही. मूल चिडतं, पालक घाईत असतात. तरी थांबा. खरा आकडा त्यानंतरच कळतो, आणि किती प्लस शिल्लक आहे तेही.

नंबर निघालाच, तर ‘थोडा कमी नंबरचा चष्मा द्या, म्हणजे वाढणार नाही’ असा हट्ट धरू नका. मलेशियात २००२ साली हे तपासलं गेलं, आणि कमी नंबर दिलेल्या मुलांचा मायोपिया उलट जास्त वेगाने वाढला. वाढ मंदावण्यासाठी आता उपाय आहेत. अत्यंत सौम्य ॲट्रोपिनचे थेंब आहेत, ज्यांवर सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये मोठे अभ्यास झाले. कडेला खास रचना असलेल्या चष्म्याच्या काचा आहेत, तशाच कॉन्टॅक्ट लेन्स आहेत, आणि रात्री घालायच्या लेन्सही. रात्रीच्या लेन्समध्ये स्वच्छता पाळली नाही तर संसर्गाची भीती असते. डोळ्यांत लाल प्रकाश सोडणाऱ्या यंत्रांबाबत मात्र फार जपून राहावं, कारण त्यांनी पडद्याला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. यातला कोणताही उपाय वाढ पूर्ण थांबवत नाही, आणि कोणता करायचा ते नेत्रतज्ज्ञानेच ठरवायचं.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी हे सगळं ऐकायला उशीर झाला असं नाही. नंबर सरासरी पंधरा-सोळाच्या आसपास स्थिरावतो, काहींचा विशीपर्यंत वाढत राहतो. तोवर प्रत्येक वाचवलेला नंबर म्हातारपणीच्या डोळ्यांच्या कामी येतो. पण या वयात शाळा, क्लास आणि परत अभ्यास अशी साखळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत बंद खोल्यांमधूनच जाते. ‘बाहेर जा, खेळ’ असं म्हणायचं आणि त्याच वेळी संध्याकाळचा क्लासही लावायचा, हे एकत्र जमत नाही. ही वेळ मुलांच्या हातात नसतेच. ती आपण मोठ्यांनी ठरवलेली असते.

[दृश्य : शाळेची इमारत. मधल्या सुट्टीची घंटा. जिन्यातली गर्दी.]

म्हणून पहिला बदल शाळेत व्हायला हवा. दहा मिनिटांच्या सुट्टीत तिसऱ्या मजल्यावरची मुलं मैदानावर पोचेपर्यंत परतीची घंटा होते. पहिली-दुसरीचे वर्ग तळमजल्यावर आणता येतील. सुट्टीत वर्गाला कुलूप लावता येईल. खेळाचा तास गणिताला देण्याची प्रथा बंद करता येईल. परिसर अभ्यासाचा धडा परिसरात शिकवता येईल, कविता झाडाखाली पाठ करून घेता येईल. शिक्षा म्हणून मुलाची सुट्टी काढून घेणं तर आजच थांबवता येईल. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत. मुख्याध्यापकांची सही लागते, आणि पालक सभेत हा विषय काढणारा एक तरी पालक लागतो.