त्र्याण्णव हजारांच्या बदल्यात

(दृश्य: ढाक्याच्या रमना रेसकोर्स मैदानावरचा कृष्णधवल फोटो. टेबल, दोन खुर्च्या, मागे गणवेशातली गर्दी.)

हा फोटो तुम्ही पाहिलेला आहे. शाळेच्या पुस्तकात नसेल पाहिला, तर दर १६ डिसेंबरला फोनवर येतोच. पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल नियाझी शरणागतीच्या कागदावर सही करतायत, शेजारी भारताचे पगडीतले लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा बसलेत. साल १९७१. खाली एक आकडा ठरलेला असतो: ९३ हजार युद्धकैदी.

लोक तो आकडा अभिमानाने लिहितात आणि लिहावाच. पण एवढी माणसं पुढे कुठे गेली, त्यांना किती दिवस ठेवलं आणि कशाच्या बदल्यात सोडलं, हे त्या फोटोखाली सहसा कुणी विचारत नाही.

अदलाबदल म्हटलं की आपल्याला कंदाहार आठवतं. डिसेंबर १९९९, विमानातले प्रवासी आणि त्यांच्या बदल्यात सोडलेले तीन अतिरेकी. त्यावर आपण अजून भांडतो. ढाक्यानंतरच्या सौद्यावर मात्र कुणी भांडत नाही, कारण तो आपण जिंकलेल्या लढाईचा शेवट होता. जिंकणाऱ्याचा हिशेब कोण तपासणार?

(दृश्य: रेल्वेच्या डब्यात चढणारे कैदी. काटेरी तारांचं कुंपण.)

आधी तो आकडाच जरा फोडून पाहू. ९३ हजारांत गणवेशातले ८० हजारांच्या आतबाहेर. उरलेले नागरिक: सरकारी नोकर, अधिकाऱ्यांच्या बायका, मुलं. या सगळ्यांना गाड्यांमध्ये बसवून भारतात आणलं. जबलपूर, सागर, ग्वाल्हेर, आग्रा, मेरठ, बरेली, रुरकी, रांची, गया. नियाझींना जबलपूरला ठेवलं होतं.

तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम ११८ अगदी सरळ आहे. लढाई थांबली की युद्धकैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवायचं. लढाई थांबली १७ डिसेंबर १९७१ ला. शेवटचा कैदी परत गेला एप्रिल १९७४ मध्ये. म्हणजे दोन वर्षं चार महिने.

भारताचं म्हणणं असं, की ढाक्यातली शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त फौजेपुढे झाली आहे, तेव्हा बांगलादेशाच्या संमतीशिवाय आम्ही एकटे कैदी कसे सोडणार? युक्तिवाद कायद्यात बसणारा होता, खोटा नव्हता. पण तो सोयीचाही होता, हे मान्य करायला हरकत नाही. हातात कैदी असले की बोलणी करताना वजन येतं. रांचीच्या तारांमागे बसलेल्या झेलमच्या शिपायाने ढाक्यात गोळी चालवली होती की नुसता स्वयंपाक केला होता, याच्याशी त्या वजनाला काही घेणंदेणं नसतं.

(दृश्य: सुखोई-७ विमान, धावपट्टीवर. आवाज मोठा, मग एकदम शांत.)

आता दोन मराठी आडनावं. तांबे आणि परुळकर. दोघेही हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट, दोघेही सुखोई-७ चे वैमानिक. विजय तांबे ५ डिसेंबर १९७१ ला शोरकोटच्या मोहिमेवर गेले ते परतले नाहीत. पाच दिवसांनी, १० डिसेंबरला, दिलीप परुळकरांचं विमान पडलं आणि ते पकडले गेले.

परुळकर पोचले रावळपिंडीच्या छावणीत. तिथे बसून नशिबाची वाट पाहणारा हा माणूस नव्हे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये, पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन साथीदारांना घेऊन ते कोठडीची भिंत फोडून बाहेर पडले. बसने पेशावर, मग खैबर खिंडीतून लंडी कोतल. अफगाण सरहद्द काही मैलांवर. तिथे त्यांनी चहाच्या टपरीजवळ विचारलं, लंडी खानाला कसं जायचं?

लंडी खाना हे रेल्वे स्टेशन. ब्रिटिशांच्या जुन्या नकाशावर ते होतं, आणि या तिघांच्या डोक्यात तोच नकाशा. स्टेशन १९३२ मध्येच बंद पडलेलं. चाळीस वर्षं बंद असलेल्या स्टेशनचा रस्ता विचारणारे हे तिघे कोण, म्हणून लोकांना संशय आला, आणि खेळ तिथेच संपला. त्या मुलखात पकडले गेलेले हेर म्हणून तिथल्या तिथे संपूही शकले असते. तेव्हा परुळकरांनी ओळखीच्या एका पाकिस्तानी हवाई दल अधिकाऱ्याला फोन लावायला सांगितलं. हा अधिकारी आधी त्यांच्याच छावणीचा प्रमुख होता. त्याने फोनवर ओळख पटवली, आणि तिघे वाचले. शत्रूनेच शत्रूला वाचवलं, तेही आपल्याच कैदेतून पळालेल्याला. या सगळ्या गोष्टीत एवढी एकच देवाणघेवाण अशी, जिच्या बदल्यात कुणी काही मागितलं नाही.

(दृश्य: वाघा. फाटक, पांढरी रेघ, दोन्ही बाजूंना बँड.)

१ डिसेंबर १९७२. पश्चिम आघाडीवर पकडलेल्यांची अदलाबदल झाली. सहाशेहून अधिक भारतीय वाघ्याची रेघ ओलांडून आले. त्यांत परुळकर होते. तांबे नव्हते.

एक जुनं वर्तमानपत्र आहे. ढाक्याहून निघणाऱ्या पाकिस्तान ऑब्झर्व्हरचा ५ डिसेंबर १९७१ चा रविवारचा अंक. त्यात बातमी: पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडले. एक नाव छापलंय, फ्लाइट लेफ्टनंट टोंबे. हवाई दलात टोंबे नावाचं कुणी नव्हतं. इंग्रजी अक्षरांत तांबे लिहून बघा, एका अक्षराचा फरक पडतो. त्या एका अक्षरावर त्यांच्या पत्नीने पुढची पन्नास वर्षं काढली.

दमयंती तांबे, माहेरच्या सुभेदार, बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या. १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावावर आहे. लग्नही १९७० मध्येच झालेलं. संसार जेमतेम दीड वर्षाचा.

(दृश्य: सिमला, डोंगरावरचं धुकं. मग कोरा कागद.)

वाघ्याच्या त्या दिवसाआधी सिमला करार झाला होता. २ जुलै १९७२. पश्चिमेकडे जिंकलेली सुमारे १३ हजार चौरस किलोमीटर जमीन भारताने परत करायचं कबूल केलं. ९३ हजार कैद्यांचा प्रश्न मात्र पुढच्या बोलण्यांवर ढकलला. पाकिस्तानचे अध्यक्ष भुट्टो यांचा हिशेब व्यापाऱ्यासारखा पक्का होता. जमीन ज्याच्या ताब्यात राहते त्याची होऊन जाते. कैदी कुणी जन्मभर पोसत नाही, जग ओरडतं. म्हणून आधी जमीन मागितली. ९३ हजार घरांत वाट पाहणारी माणसं होती, ती आणखी थांबली.

आणि ढाका? बांगलादेशाचे नेते शेख मुजीब स्वतःच पाकिस्तानच्या कैदेतून सुटून आलेले. १० जानेवारी १९७२ ला ढाक्यात उतरले आणि त्याच रेसकोर्स मैदानावर बोलले. ज्यांनी कत्तली केल्या, बायकांवर अत्याचार केले, त्यांच्यावर खटले चालणार. अत्याचार झालेल्या स्त्रियांना त्यांच्या सरकारने 'बीरांगना' म्हटलं. अशा किती, याचे अंदाज दोन लाखांपासून चार लाखांपर्यंत जातात. मान दिला खरा, पण गावात परतल्यावर कित्येकींना त्या शब्दामुळेच बोटं दाखवली गेली.

आरोपींची यादी आधी हजाराच्या पुढे होती. ती घटत घटत १९५ वर आली. एप्रिल १९७३ मध्ये ढाक्याने जाहीर केलं: या १९५ जणांवर खटले, बाकीचे जाऊ देत. जुलैमध्ये त्यासाठी कायदाही केला.

भुट्टोंकडे उत्तर तयार होतं. पाकिस्तानात अडकलेले बंगाली. सैनिक, अधिकारी, कारकून, त्यांची बायकामुलं, लाखांच्या घरात. तुम्ही आमच्या १९५ जणांवर खटले चालवा, आम्ही तुमच्या २०३ जणांवर हेरगिरीचे चालवतो. या लोकांनी काय केलं होतं? चुकीच्या वेळी कराचीत नोकरीला असणं, एवढंच. पण आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात तेच बसवले गेले.

इथे मुजीबांना दोष देणं सोपं आहे. मला ते जमत नाही. देश नवा, तिजोरी रिकामी, संयुक्त राष्ट्रांचं दार चीनने ऑगस्ट १९७२ मध्ये नकाराधिकार वापरून बंद केलेलं. पाकिस्तानची मान्यता मिळाल्याशिवाय अरब देश जवळ करत नव्हते. आणि अडकलेल्या बंगाल्यांचे नातेवाईक रोज ढाक्यात विचारत होते, आमचा माणूस कधी येणार? मेलेल्यांना न्याय द्यायचा की जिवंतांना घरी आणायचं? मी त्या खुर्चीत असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

(दृश्य: दिल्ली, १९७३. फायली, टंकलेखन यंत्राचा आवाज.)

२८ ऑगस्ट १९७३, दिल्ली करार. भारताच्या बाजूने बोलणी केली पी. एन. हक्सर यांनी. कैदी पाकिस्तानात, अडकलेले बंगाली बांगलादेशात, आणि बांगलादेशात राहिलेले बिहारी पाकिस्तानात. १९५ जण मात्र तूर्त भारतातच राहणार होते.

बिहारींबद्दलची शब्दरचना बघा. पाकिस्तान त्यांतली 'बरीच मोठी संख्या' घेईल. सगळे नाही. फाळणीत बिहार सोडून पाकिस्तान म्हणून पूर्वेला गेलेली ही उर्दू बोलणारी माणसं. त्यांच्यातल्या काहींनी १९७१ मध्ये लष्कराला साथ दिली, बदल्यात सगळ्यांनी मार खाल्ला. ज्या देशासाठी घर सोडलं, त्याने निवडून निवडून घेतले. उरलेले राहिले ढाक्याच्या मोहम्मदपूर भागातल्या वस्तीत. तिचं नाव आजही जिनिव्हा कॅम्प. एकेका खोलीत तीन तीन पिढ्या. त्यांतल्या बहुतेकांना बांगलादेशाचं नागरिकत्व मिळायला २००८ चा न्यायालयाचा निकाल लागला.

फेब्रुवारी १९७४ मध्ये लाहोरला इस्लामी परिषद भरली. पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिली आणि मुजीब विमानाने लाहोरला गेले. आता किंमत चुकती करायची वेळ झाली.

९ एप्रिल १९७४. दिल्लीतच त्रिपक्षीय करारावर तीन परराष्ट्र खात्यांच्या सह्या झाल्या. भारताचे स्वर्णसिंग, बांगलादेशाचे कमाल हुसेन, पाकिस्तानचे अझीझ अहमद. हा करार मी कितीदा तरी वाचलाय, आणि दर वेळी तेराव्या-चौदाव्या कलमाशी अडकतो. तेराव्यात बांगलादेश म्हणतो, या कैद्यांनी केलं ते युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार यांत मोडतं, आणि अशांना जाब विचारला पाहिजे यावर जगाचं एकमत आहे. लगेच पाकिस्तान म्हणतो, 'काही गुन्हे घडले असतील', तर आम्ही त्यांचा निषेध करतो. घडले असतील तर! मग भूतकाळ विसरण्याचं आवाहन, मग मुजीबांचं वाक्य की बंगाली माणसाला क्षमा करता येते, आणि शेवटी दयाबुद्धीने खटले रद्द.

क्षमा केली सरकारने. बीरांगनांना कुणी विचारलं नव्हतं. रायेरबाझारच्या वीटभट्टीत १४ डिसेंबरनंतर ज्या प्राध्यापकांची, डॉक्टरांची, पत्रकारांची प्रेतं सापडली, त्यांच्या घरच्यांनाही नाही.

महिनाअखेरीस नियाझी वाघ्याची रेघ ओलांडून गेले. पाकिस्तानने स्वतःच नेमलेल्या हमूदुर रहमान आयोगाने नियाझींसह काही अधिकाऱ्यांवर कारवाई करा, असं सांगितलं. अहवाल कपाटात गेला, लोकांना तो वाचायला मिळाला २००० साली. ढाक्यातल्या राज्यपालांचे लष्करी सल्लागार राव फर्मान अली पुढे पाकिस्तानात मंत्री झाले. बांगलादेशाने २०१० मध्ये युद्धगुन्ह्यांचं न्यायाधिकरण उभं केलं तेव्हा पिंजऱ्यात उभे राहिले ते स्थानिक साथीदार. काही फासावरही गेले. १९५ जणांपैकी एकावरही कधी खटला चालला नाही.

(दृश्य: एका जुन्या पत्राची घडी. हात दिसतात, चेहरा नाही.)

आणि आपण? आपल्या पारड्यात ९३ हजार होते. बदल्यात आपली सगळी माणसं आली का?

१९७९ मध्ये सरकारने लोकसभेत बेपत्ता जवानांची यादी ठेवली. पुढे तो आकडा ५४ वर स्थिरावला. एका मेजरच्या वडिलांना तर १९७५ मध्ये कराचीहून मुलाच्या हातची चिठ्ठी आली होती. मुलगा सरकारदरबारी मृत. अक्षर तपासलं, त्याचंच निघालं, आणि नोंद 'मृत' वरून 'बेपत्ता' अशी बदलली. त्या चिठ्ठीच्या तारखेला शेवटचा पाकिस्तानी कैदी घरी जाऊन महिने लोटले होते. देण्यासारखं हातात काहीच उरलं नव्हतं.

पाकिस्तान म्हणतो, आमच्याकडे असं कुणी नाही. १९८३ मध्ये काही नातेवाईक मुलतानच्या तुरुंगात जाऊन आले. २००७ मध्ये चौदा जणांनी पुन्हा तिथले तुरुंग पाहिले. दमयंती तांबे त्यांत होत्या. नवरा गेला तेव्हा विशीत होत्या, आता केस पांढरे झालेले. कैद्यांचे चेहरे बघताना त्या कोणत्या वयाचा चेहरा शोधत असतील?

(दृश्य: इस्लामाबाद आणि दिल्ली, दोन कचेऱ्यांची फाटकं.)

आजही वर्षातून दोनदा, १ जानेवारीला आणि १ जुलैला, दोन्ही देश एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या देतात. २००८ चा करार आहे तसा. यादीत बहुतेक मच्छीमार असतात, गुजरातचे, आपल्या पालघरचेही. माशामागे गेले आणि समुद्रातली न दिसणारी रेघ ओलांडली म्हणून पकडलेले. त्या दिवशी आपलं परराष्ट्र खातं एक पत्रक काढतं. नागरिक, मच्छीमार, त्यांच्या बोटी सोडा, असं त्यात असतं. आणि त्याच वाक्यात आणखी चार शब्द असतात: 'आणि बेपत्ता भारतीय सैनिक.'

पलीकडून येणाऱ्या यादीत ती नावं नसतात. सहा महिन्यांनी पत्रक पुन्हा निघतं, तेच वाक्य घेऊन.