डब्यांखालची किल्ली

(दृश्य: कोथरूडमधलं जुनं दुमजली घर. पहाट. जिन्यात अंधार.)

हा आमच्या घराचा जिना. एरवी पहाटे साडेपाचला आई खोलीचं दार उघडते आणि पहिल्या पायरीवर पाय पडायच्या आत इथला दिवा लागलेला असतो. तिचे गुडघे आणि हा जिना, यांच्यासाठीच मी घरातला पहिला आपोआप लागणारा दिवा बसवला. बाकी सगळं त्यामागून आलं. मे महिन्यातल्या त्या गुरुवारी मात्र दिवा लागला नाही. आई भिंत चाचपत खाली उतरली आणि मला हाक मारली, "अगं, जिन्यातला दिवा गेला वाटतं."

दिवा शाबूत होता. गेला होता तो संगणक.

(दृश्य: टीव्हीच्या कपाटामागे तळहाताएवढी पेटी. लाल दिवा, बाकी काही नाही.)

बुधवारी संध्याकाळी वळीव कोसळला. वीज गेली, आली, पुन्हा गेली. असं चार-पाच वेळा झालं. आमच्या घराचा कारभार या पेटीतल्या होम असिस्टंटकडे आहे. २०१३ मध्ये सुरू झालेली, जगभरातल्या लोकांनी मिळून वाढवलेली ही मोफत प्रणाली. दिवे, पंप, गीझर यांचं सगळं गणित ती घरातच करते, बाहेरच्या कुणाच्या सर्व्हरला विचारायला जात नाही. मला ती आवडते ती याचसाठी. पण मग ती बिघडली की निस्तरायचंही घरच्यांनीच.

बिघाड नखाएवढ्या मेमरी कार्डात होता. दार उघडलं, तापमान बदललं, टाकी भरली, अशा प्रत्येक घडामोडीची नोंद ही प्रणाली ठेवते. मुळात ठरलेल्या मांडणीत दर ५ सेकंदांनी नोंदी कार्डावर उतरतात आणि १० दिवस जपल्या जातात. अधूनमधून फोटो साठवण्यासाठी बनवलेल्या कार्डाला हे रात्रंदिवसाचं लिहिणं सोसत नाही, ते झिजत जातं. त्यात लिहिता लिहिताच वीज गेली. आमच्या कार्डाला तो शेवटचा धक्का ठरला.

(दृश्य: अंगणातला पंप, शेजारी साधा काळा स्विच.)

त्यात गुरुवार. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचा वार बहुतेक हाच. खालच्या टाकीत आदल्या दिवशीचं पाणी होतं, पण ते गच्चीवर चढवणार कोण? इथे मला आमच्या इलेक्ट्रिशियनची आठवण येते. पंप जोडताना तो हट्टाला पेटला होता, "ताई, काहीही करा, पण हाताचा स्विच ठेवाच." तेव्हा मला ते जुनाट वाटलं होतं. त्या सकाळी आईनं तो स्विच दाबला आणि घरात पाणी आलं.

(दृश्य: जुना लॅपटॉप. पडद्यावर एकच फाइल.)

बॅकअप होता. खंडेनवमीला आम्ही घरातल्या अवजारांची पूजा करतो. हळदकुंकू वाहायच्या आधी त्या संगणकाची एक प्रत मी या लॅपटॉपवर उतरवून ठेवली होती. त्यानंतरच्या सगळ्या प्रती त्याच कार्डावर राहिल्या आणि कार्डाबरोबरच गेल्या.

फाइल उघडायला गेले, तर तिनं किल्ली मागितली. हल्ली या प्रती कुलूपबंद असतात, अक्षरं-आकड्यांची लांबलचक किल्ली दिल्याशिवाय उघडत नाहीत. ती मी लिहिली होती, हे नक्की आठवत होतं. कालनिर्णयवर, ऑक्टोबरच्या पानामागे. पण ते कालनिर्णय मागच्या वर्षीचं.

आई कुरडया वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "जुनं कालनिर्णय ना? फडताळात घातलंय, डब्यांखाली."

(दृश्य: पापडाचा डबा उचलला जातो. खालच्या कागदावर तेलाचं गोल वळ. त्याच्या कडेला निळ्या शाईतली अक्षरं.)

एक अक्षर तेलात विरघळलं होतं. ते ८ होतं की बी, हे तिसऱ्या प्रयत्नात कळलं.

दुपारी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली. या वेळी कार्ड नको म्हटलं, छोटी एसएसडी घेतली, सततचं लिहिणं कार्डापेक्षा जास्त सोसणारी साठवण. ती लावून प्रत चढवली आणि दिवे पुन्हा बोलू लागले. प्रत्येक दिव्याची नव्यानं ओळख करून द्यावी लागली नाही. दिवे आणि सेन्सर पेटीशी ज्यातून बोलतात, त्या झिगबी या बिनतारी जाळ्याची गुप्त खूण प्रतीत होती, आणि जाळं चालवणारी यूएसबी कांडीही तीच, धडधाकट. दारांवरचे सेन्सर सेलवर चालतात, बराच वेळ झोपलेले असतात. ते जागे होतील तसे एकेक करून परतले.

तरी जिन्यातला दिवा मधेच दाद देईना. कारण सापडायला रात्र झाली. एसएसडी जोडतात त्या वेगवान यूएसबी ३ मधून जो गोंगाट निघतो, तो झिगबीच्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलनं २०१२ मध्येच हे मोजून मांडलं होतं. कांडीला मीटरभर वायर लावून ती पेटीपासून लांब नेली. दिवा सुधारला.

शनिवारी सकाळी सहाला आईची हाक आली, "पंपाचा आवाज बरोबर नाही." खालची टाकी जवळपास रिकामी होती आणि पंप कोरडा फिरत होता. आईनं काळा स्विच बंद केला. मी कपाळाला हात लावला. घर परत आलं होतं, पण ते ऑक्टोबरचं घर होतं. मार्चपासून आमच्याकडे पाणी संध्याकाळी येतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. भर मे महिन्यात पहाटे पाचला गीझरही तापला होता.

(दृश्य: स्वयंपाकघराच्या भिंतीवर यंदाचं कालनिर्णय. पानं मागे उलटली जातात.)

मग आम्ही दोघी इथे उभ्या राहिलो. मार्चच्या पानावर आईच्या अक्षरात, दुधाच्या हिशेबाशेजारी: "आजपासून पाणी संध्या. ५." एप्रिलच्या पानावर: "गीझर बंद केला." ती वाचत गेली आणि मी एकेक नियम दुरुस्त करत गेले. नोव्हेंबरनंतर बसवलेले दोन दिवे पुन्हा जोडले. नवी किल्ली आईनंच लिहिली, फडताळाच्या दाराला आतून चिकटवली. बॅकअप आता दर रात्री लॅपटॉपवर उतरतो.

(दृश्य: पहाट. जिना. साडेपाच.)

दार उघडतं. दिवा लागतो. आई वर बघते, आणि एक हात भिंतीवर ठेवूनच खाली उतरते.