गुंडा सुटल्यानंतरचे दोन क्षण

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीच्या कणसांत दाणा भरू लागला की भोरड्यांचे थवेही येऊन थडकतात. हिवाळ्यासाठी मध्य आशियाकडून आलेली ही गुलाबी पाखरे शेकड्यांनी उतरतात आणि एका जागेवरून हाकलली की बांधापलीकडे जाऊन पुन्हा कणसांवर बसतात. त्यामुळे माळ्यावर उभ्या असलेल्या राखणदाराचे एका नेमक्या दगडाने भागत नाही. थवा उठला, की तो पुन्हा टेकायच्या आत गोफणीतून पुढचा गुंडा, म्हणजे फेकायचा गोटा, सुटावा लागतो.

हा वेग गोफण गरगर फिरवल्याने येतो, असे पाहणाऱ्याला वाटते; पण डोक्यावरून घेतलेले चार-पाच फेरे बव्हंशी वेळच खातात. दगडाला खरी गती मिळते ती शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात, जेव्हा खांदा, कोपर आणि मनगट एकापाठोपाठ एक झटका देतात. त्याआधीच्या फिरवण्याने दोऱ्या ताणलेल्या राहतात आणि हाताला लय सापडते, एवढेच. रोमन युद्धशास्त्रावर लिहिणाऱ्या वेगेटियसनेही गोफण डोक्याभोवती एकदाच फिरवून दगड सोडण्याची सवय लावावी, असे सांगून ठेवले आहे.

मग उरतो तो भरण्याचा वेळ, आणि सगळे कसब तिथेच आहे. आता हात जवळून पाहा. गोफणीच्या एका दोरीचा फासा मधल्या बोटात अडकवलेला आहे आणि दुसऱ्या दोरीची गाठ अंगठा व तर्जनीच्या चिमटीत आहे. चिमूट सैल होताच गुंडा सुटतो आणि मोकळी दोरी पुढे उसळते. नवशिका इथे थांबतो, लोंबणारी दोरी न्याहाळतो, मग गाठ शोधतो. सरावलेला माणूस हात थांबवतच नाही. फेकीच्याच ओघात तो हात अंगावरून डाव्या कमरेकडे आणतो, त्याबरोबर रिकामी गोफण झुलत डाव्या हातापाशी येते, डावा हात मोकळ्या दोरीवरून सरकत गाठीपर्यंत जातो आणि ती उजव्या चिमटीत देतो. पुढचा गुंडा त्याच डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांत आधीपासून धरलेला असतो. तो मधल्या पट्ट्यात ठेवायचा, खाली ओढून दोऱ्या ताणायच्या, म्हणजे गुंडा पक्का बसतो, आणि तिथूनच पुढचा फेरा सुरू करायचा. नजर या साऱ्या वेळात थव्यावरच असते. गोफणीकडे पाहावे लागले तर वेग गेलाच म्हणून समजावे.

गोफणही या कामाला साजेशी हवी. मधला पट्टा फार लुळा असला तर तो प्रत्येक फेकीनंतर मिटतो आणि बोटांनी उघडावा लागतो. किंचित ताठ विणलेला पट्टा आपणहून उघडा राहतो. गुंडे शक्यतो एकाच वजनाचे, लिंबाएवढे असावेत, कारण वजन बदलले की गुंडा सोडण्याचा क्षणही बदलतो. काळ्या रानात दगड कमी, म्हणून मातीचे गुंडे वळून वाळवतात. त्यांचा ढीग वाकावे लागणार नाही अशा उंचीवर ठेवावा, ही साधी गोष्ट बरेच जण विसरतात.

भूमध्य समुद्रातील बालेआरिक बेटांवरचे गोफणधारी प्राचीन काळी याच कसबावर रोमशी लढणारा कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या आणि पुढे रोमच्या सैन्यात गेले. ते वेगवेगळ्या लांबीच्या तीन गोफणी बाळगत: लांबच्या माऱ्यासाठी लांब, जवळच्यासाठी आखूड. त्यामुळे अंतर बदलले तरी हाताची लय बदलावी लागत नसे. तिथल्या आया मुलाने नेम साधून भाकरी पाडल्याशिवाय त्याला ती खाऊ देत नसत, असे जुने लेखक सांगतात. इ. स. पू. 123 मध्ये रोमन सेनापती मेटेलस या बेटांवर चालून गेला, तेव्हा त्याने गुंड्यांच्या वर्षावापासून बचावासाठी जहाजांवर कातडी ताणली होती. त्यांपैकी मायोर्का आणि मिनोर्का या बेटांवर आजही गोफणीच्या स्पर्धा भरतात.

शिकणाऱ्याने सुरुवात गुंड्याविनाच करावी. मोकळ्या रानात, आजूबाजूला कोणी नाही हे पाहून, रिकामी गोफण फेकायची आणि डोळे मिटून डाव्या हाताने गाठ पकडायची. दहापैकी दहा वेळा गाठ हाती लागू लागली, की मग पहिला गुंडा उचलावा.