अडतीस मिनिटे

१३ जानेवारी २०१८, शनिवार. सकाळी आठ वाजून सात मिनिटांनी अमेरिकेच्या हवाई या राज्यातल्या बेटांवरचे मोबाइल एकाच वेळी कर्कश वाजू लागले. पडद्यावर संदेश होता : हवाईच्या दिशेने क्षेपणास्त्र येत आहे, ताबडतोब आसरा घ्या, हा सराव नाही.

उत्तर कोरियाने जेमतेम दीड महिन्यापूर्वी लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची चाचणी घेतली होती आणि शीतयुद्धाच्या काळातले भोंगे डिसेंबरपासून हवाईत पुन्हा दरमहा वाजवून पाहिले जात होते. त्यामुळे या संदेशावर शंका घ्यावी, असे काही लोकांपुढे नव्हते. कोणी न्हाणीघरात दडले, कोणी रस्त्यावरच्या गटाराचे झाकण उचलून मुलांना आत उतरवले, कोणी दूरच्या आप्तांना फोन लावून निरोप घेतला.

संदेश निघाला होता तो डायमंड हेड या विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरातून, राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन कार्यालयातून. पाळी बदलत असतानाच तिथे अचानक सराव घेण्यात आला. सरावासाठी ऐकवलेल्या निरोपाच्या आरंभी आणि शेवटी ‘सराव’ हा शब्द होता, परंतु मध्येच ‘हा सराव नाही’ हे वाक्यही होते. इशारा पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याला एवढेच वाक्य ऐकू आले आणि हल्ला खराच आहे, असे त्याने मानले. संगणकाने ‘नक्की पाठवायचा का?’ असे विचारले, त्याने होकार दिला. चुकीच्या पर्यायावर क्लिक झाले, हा सरकारचा पहिला खुलासा होता. तपासात तो टिकला नाही.

खरे तर चूक कळायला वेळ लागलाच नाही. आठ वाजून नऊ मिनिटांनी राज्यपाल डेव्हिड इगे यांना ती समजली होती. मात्र अश्वत्थाम्याला ब्रह्मास्त्र सोडता येत होते, आवरता येत नव्हते, तशीच या यंत्रणेची गत होती. इशाऱ्याचा मजकूर तयार होता. तो खोटा ठरल्यास काय पाठवायचे, हे कोणी लिहूनच ठेवले नव्हते. दुरुस्तीचा संदेश कोणत्या प्रकारात बसवावा, यासाठी केंद्रीय यंत्रणेशी बोलणे झाले. राज्यपालांनी ट्विटरवर खुलासा केला तो आठ चोवीसला, आणि विलंबाचे कारण त्यांनी पुढे प्रांजळपणे सांगितले : लॉगिनचा तपशील आठवत नव्हता. धोका नसल्याचा संदेश मोबाइलवर आला, तेव्हा आठ वाजून पंचेचाळीस मिनिटे झाली होती.

कर्मचाऱ्याला बडतर्फ करण्यात आले, कार्यालयाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. इशारा पाठवण्यासाठी यापुढे दोघांची संमती लागेल, असा नियम झाला, आणि इशारा मागे घेणारा संदेशही आता तयार ठेवण्यात आला.

हवाईतील घटनेला तीन दिवस होतात तोच, १६ जानेवारीला, जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या ॲपवरूनही उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्राचा चुकीचा इशारा गेला. त्याची दुरुस्ती मात्र सुमारे पाच मिनिटांत झाली.