आधी तार, मग लाकूड

मंडळी, समोरच्या टेबलावर तीन वस्तू मांडल्या आहेत. डावीकडचा मोठा बेस गिटार हा मी बनवलेला पहिला. मधे नुसतीच एक नेक, म्हणजे गिटारची लांब मान, आहे, तिला ना तारा ना खुंट्या. उजवीकडचा लहान बेस माझ्या भाचीचा, आजच्यापुरता तिच्याकडून मागून आणलाय. तिन्ही घरीच, फावल्या वेळात, हाताने केलेल्या. इलेक्ट्रिक बेस बनवण्याबद्दल मला जे काही कळलं ते या तिघांनी शिकवलं, म्हणून बोलायचं तेही यांच्याबद्दलच.

पहिल्या बेसची सुरुवात एका फळीपासून झाली. ॲश लाकडाची फळी होती, पाणी मारलं की तिच्यावरच्या रेषा नदीच्या प्रवाहासारख्या उठून दिसायच्या. त्या फळीसाठी मी बेस बनवायला घेतला असं म्हटलं तरी चालेल. आधी बॉडीचा आकार काढला, कापला, घासला, तेल पाजलं. मग त्या बॉडीला शोभेल अशी नेक केली. मग पिकअपला, म्हणजे तारेचा कंप विजेत पकडणाऱ्या भागाला, जागा कुठे उरते ते पाहिलं. तारांचा विचार सगळ्यात शेवटी. बेस दिसायला देखणा झाला. पण पट्टा गळ्यात अडकवून हात सोडले की नेक जमिनीकडे झुकायची. डाव्या हाताचं काम सूर दाबायचं. माझा डावा हात नेक उचलून धरण्यातच गुंतायचा. अर्ध्या तासात मनगट भरून यायचं.

कारण साधं होतं. बेसची नेक लांब, तिच्या टोकाला चार दणकट खुंट्या. जुन्या धर्तीच्या चार खुंट्यांचंच वजन चारशे ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि ते वजन इतक्या लांबवर टांगलेलं असतं की तराजूचं पारडं त्या बाजूला जातं. नेकवर ज्या आडव्या धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात ते फ्रेट; पट्टा अडकवायची वरची गुंडी साधारण बाराव्या फ्रेटच्या रेषेपर्यंत पुढे आली तर तोल सांभाळला जातो. बेसच्या बॉडीला वरच्या बाजूला जे लांब शिंग दिसतं ते शोभेसाठी नसतं. मी मात्र फळीवरच्या रेषा तुटू नयेत म्हणून ते शिंग आखूड ठेवलं होतं. कापून झालेलं लाकूड वाढवता येत नाही. शेवटी हलक्या खुंट्या बसवल्या, तेव्हा कुठे तो उभ्याने वाजवण्याजोगा झाला. त्या खुंट्यांनी आणखी एक गंमत केली, तिच्याकडे शेवटी येतो.

तेव्हापासून माझा क्रम ठरून गेला आहे. बेस तारेपासून लाकडाकडे बनवायचा. तार किती लांब, ती कोणाच्या हाताखाली येणार, तिचा ताण किती, हे आधी. लाकूड त्यानंतर.

आता तारेची लांबी. खुंट्यांकडे तार टेकते तो नट, बॉडीवर टेकते तो ब्रिज. या दोहोंमध्ये तारेचा जो मोकळा भाग कंप पावतो त्याच्या लांबीला स्केल म्हणतात. सॉलिड म्हणजे भरीव बॉडीचा, फ्रेट असलेला इलेक्ट्रिक बेस सिॲटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३०च्या दशकातच केला होता, पण तो फारसा पसरला नाही. लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ साली आला आणि त्याचं ३४ इंची स्केल जगभर रूढ झालं. ३४ इंच म्हणजे ८६३.६ मिलिमीटर. त्याआधी बेस म्हणजे उभं राहून वाजवायचा डबल बेस, त्याच्या तारा एक मीटरहून लांब. शिवाय त्याला फ्रेट नाहीत, सूर कानाने शोधायचा. ‘प्रिसिजन’ हे नाव त्यावरूनच पडलं: फ्रेट आहेत, म्हणजे सूर नेमका लागणार.

३४ इंच चांगलंच माप आहे. पण ते कोणा एका माणसाच्या हाताचं माप नाही.

माझी भाची चौदा वर्षांची असताना माझा बेस घेऊन बसली. पहिल्या फ्रेटवर तर्जनी आणि चौथ्यावर करंगळी ठेवायला गेली की तर्जनी सुटायची. तीन-चार वेळा प्रयत्न करून म्हणाली, “मामा, माझा हात वाढेपर्यंत थांबू का मी?” मी फूटपट्टी घेऊन बसलो. ३४ इंची स्केलवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर १३० मिलिमीटर येतं. ३० इंची स्केलवर तेच ११४. पंधरा-सोळा मिलिमीटरचा फरक, म्हणजे एका बोटाच्या जाडीएवढा. तिच्या हाताला नेमकं तेवढंच कमी पडत होतं. मी म्हटलं, “तू थांबू नकोस, बेस लहान करूया.”

लहान करायचा म्हणजे नुसता आकार लहान करायचा नाही. स्केल ३४ वरून ३० इंचांवर आणलं आणि तार त्याच सुरात लावली, तर तिचा ताण सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो, कारण ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तार सैल पडते, जोरात छेडली की फ्रेटवर आपटते. म्हणून थोड्या जाड तारा निवडायच्या, आणि त्याही आखूड स्केलसाठीच बनवलेल्या. फायदा असा की सैल तार कोवळ्या बोटांना दाबायला सोपी जाते, आणि आवाज थोडा गोल, भरीव येतो. मला तो आवाज मनापासून आवडतो.

स्केल ठरलं की फ्रेट कुठे येणार ते गणित सांगतं. स्केलला १७.८१७ ने भागायचं, तो पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागायचं, तो दुसरा. असं करत गेलं की बारावा फ्रेट बरोबर मध्यावर येतो. ३० इंची बेसवर नटपासून ३८१ मिलिमीटरवर. तसा आला नाही तर गणित चुकलं. पण खाचा आखताना प्रत्येक माप नटपासूनच घ्यायचं, आधीच्या फ्रेटपासून नाही. प्रत्येक वेळी पाव मिलिमीटर चुकलात आणि आधीच्या खाचेपासून मोजत गेलात, तर बाराव्या फ्रेटपर्यंत तीन मिलिमीटर साचतात. सतारीचे पडदे सरकवून सूर जुळवता येतो. बेसचे फ्रेट एकदा लाकडात ठोकले की ठोकले.

आता ही मधली नेक. सगळा बेस एका बाजूला आणि नेक एका बाजूला ठेवली तरी मी नेकला जास्त वेळ देईन. चार तारा मिळून तिला सत्तर-ऐंशी किलोंच्या जोराने ओढत असतात, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. म्हणून आत पोलादी ट्रस रॉड घालतात. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ साली घट्ट-सैल करता येणाऱ्या रॉडचं पेटंट मिळालं; आजचे रॉड त्याच कल्पनेची पिल्लं आहेत. तारांनी नेक पुढे वाकवली की रॉड आवळून ती मागे आणायची, पण अगदी सरळ नाही. मधे पाव मिलिमीटरच्या आसपास खळगा ठेवायचा, म्हणजे कंप पावणाऱ्या तारेला मोकळी जागा मिळते.

लाकूड मी मेपलचं घेतो. एका अखंड तुकड्याऐवजी तीन पट्ट्या एकमेकींना चिकटवतो, रेषांची दिशा आलटून-पालटून, म्हणजे एक पट्टी पिळायला लागली तर दुसरी तिला आवरते. ढोबळ आकार कापला की लगेच पुढचं काम करत नाही. लाकडाच्या आत ताण असतात. कापल्यावर ते मोकळे होतात आणि नेक हलते. दोन-तीन आठवडे ती तशीच ठेवायची, मग पुन्हा रंधा मारून सपाट करायची. या थांबण्याला मी कधीच फाटा देत नाही.

फ्रेट ज्यात ठोकतात ती नेकवरची पट्टी, म्हणजे फ्रेटबोर्ड, शिसवीचा. शिसव घट्ट, तेलकट, झिजायला चिवट. मात्र तिचा भुसा नाकातोंडात जाऊ देऊ नका; अनेकांना त्याची ॲलर्जी होते, अंगावर पुरळ उठतं. मास्क लावूनच घासा. तेलाचंही सांगून ठेवतो: जवसाचं तेल किंवा तसं सुकणारं तेल लावलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. मी ती पसरून वाळवतो, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवतो.

मागची गोलाई देणं हे मला सगळ्यात प्रिय काम. आधी जाड कानस, मग दोन हातांनी ओढायचा छोटा रंधा, मग घासकागद. नेक मांडीवर घ्यायची, दिवा आडवा ठेवायचा. आडव्या उजेडात उंचवट्याची सावली पडते आणि डोळ्याला न दिसणारं दिसू लागतं. ही टेबलावरची नेक अशीच एका संध्याकाळी करत होतो. ट्रस रॉडची खाच मी ११ मिलिमीटर खोल कोरली होती, नेहमीपेक्षा जास्त. वर ६ मिलिमीटरचा फ्रेटबोर्ड. म्हणजे १७ मिलिमीटर आधीच खर्ची पडले होते, आणि मी पातळ नेकच्या हौसेने जाडी १८ वर आणत होतो. नवव्या फ्रेटच्या मागे कानशीचा आवाज बदलला. लाकडावर ती खसखस चालते. तिथे एकदम कोरडा, पोकळ आवाज आला. मला तो ऐकू आला होता. तरी मी आणखी दोन हात मारले. मग बोट फिरवलं तर तांदळाच्या दाण्याएवढी फट, आणि आत रॉडचं चकाकतं पोलाद.

त्या रात्री मी ती नेक कपड्यात गुंडाळून ठेवून दिली. पुढे तिथे मेपलचा पातळ तुकडा बसवून ती बुजवली, पण तारा चढवल्या नाहीत. प्रत्येक नवी नेक सुरू करताना ती समोर ठेवतो आणि कागदावर तीन आकडे लिहितो: फ्रेटबोर्ड, खाच, आणि मागे उरणारं लाकूड. ते शेवटचं लाकूड चार मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही. कानशीचा आवाज बदलला की त्या क्षणी हात थांबवतो.

फ्रेट ठोकल्यावर ते सगळे एका पातळीत आणायचे असतात. त्याची युक्ती शाळकरी आहे. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करने शाई लावायची. मग लांब, पूर्ण सपाट पट्टीला बारीक घासकागद चिकटवून ती नेकवर हलक्या हाताने फिरवायची. उंच फ्रेटची शाई आधी जाते. ज्याची शाई टिकली तो खाली आहे. सगळ्या माथ्यांची शाई नुकती गेली की थांबायचं. घासून चपटे झालेले माथे पुन्हा गोल करायचे, नाहीतर सूर नेमका कुठून सुटतो ते ठरत नाही आणि तार झणझणते. याला माझे दोन दिवस जातात. या दोन दिवसांत घाई केलेला बेस पुढे आयुष्यभर कुठे ना कुठे खरखरतो.

विजेच्या भागाबद्दल थोडक्यात. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. प्रिसिजनच्या धर्तीच्या पिकअपमध्ये एकेका कॉइलला सुमारे दहा हजार वेढे असतात, आणि तार केसासारखी, ०.०६ मिलिमीटर जाडीची. ते घरी गुंडाळता येतात, पण सुरुवातीला विकत घ्या. जास्त महत्त्वाचं आहे ते त्यांची जागा. ब्रिजजवळ तार कमी हलते, तिथे टोकदार, कोरडा आवाज मिळतो; नेककडे सरकाल तसा जाड, उबदार. एका सेंटिमीटरचा फरकही कानाला कळतो. म्हणून बॉडीत खड्डा कोरण्याआधी मी तारा ओढून, पिकअप हातात धरून, सरकवून ऐकतो. आणि ब्रिजपासून अर्थिंगची तार जोडायला विसरू नका, नाहीतर तारांना हात लावला तरी गुणगुण थांबत नाही.

कोणत्या लाकडाचा आवाज कसा, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. सॉलिड बॉडीच्या बेसमध्ये बॉडीच्या लाकडाच्या जातीने ॲम्प्लिफायरमधून येणारा आवाज फारसा बदलतो असं मला वाटत नाही. तारा, पिकअपची जागा, वाजवणाऱ्याची बोटं यांचा वाटा कितीतरी मोठा. नेकचं मात्र तसं नाही. नेक स्वतः कंप पावते, आणि तो कंप कानाने ऐकता येतो. अनेक बेसवर ‘जी’ (G) तारेच्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेच्या, पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एक सूर असा असतो की तो छेडला की लगेच विरतो. आजूबाजूचे सूर मात्र छान टिकतात. त्याला डेड स्पॉट म्हणतात. त्या सुराची कंपनसंख्या आणि नेकची स्वतःची कंपनसंख्या जुळली की तारेतली शक्ती नेक पिऊन टाकते. भाचीच्या बेसची नेक आखूड आणि ताठ, त्यामुळे तिच्यावर तो कानात भरत नाही.

माझ्या पहिल्या बेसवर तो पाचव्या फ्रेटवर होता. मघाशी म्हटलं ना, हलक्या खुंट्या लावल्या? टोकाचं वजन उतरलं, नेक जरा वरच्या सुरात कंप पावू लागली, आणि डेड स्पॉट सहाव्या फ्रेटवर सरकला. तोल सावरायला गेलो आणि सूर हलला. खुंटी बदलताना मी हे मनात आणलंच नव्हतं.

आता ॲम्प्लिफायर चालू करतो. ही ‘जी’ तार, पाचवा फ्रेट… टिकतोय. सातवा… तोही टिकतोय. हा सहावा. ऐका, किती लवकर गेला. आता हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाला, हा लोखंडी क्लॅम्प आवळतो, साधा, सुतारकामाचाच. पुन्हा तोच सहावा फ्रेट, तेवढ्याच जोराने. आणि आता पाचवा.